एकाच आधारावर : पंडिता रमाबाई

इतिहासाच्या पुस्तकात पंडिता रमाबाई आपल्याला भेटल्या त्या ‘जोड्या लावा’च्या प्रश्नात. एका बाजूला शारदा सदन, दुसऱ्या बाजूला पंडिता रमाबाई. रेघ ओढली की एक मार्क. धडा संपला आणि आपण स्वातंत्र्यलढ्याकडे वळलो. स्मरणिकेसाठी ‘मनात घर करून राहिलेली व्यक्ती’ हा विषय ठरला तेव्हा ग्रुपवर बहुतेकांनी आपल्या सरांची आणि बाईंची नावं घेतली, आणि ते योग्यच आहे. मी मात्र त्या एका मार्काच्या बाईंवर लिहायचं ठरवलं.

त्याला कारण आहे. आमचं घर मराठी ख्रिस्ती; नाताळात आमच्याकडे करंज्या आणि केक खायला आलेल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. आजीच्या बोलण्यात रमाबाईंचं नाव वरचेवर यायचं, पण समाजसुधारणेच्या संदर्भात क्वचितच. महिनाअखेरीला पैशांची ओढाताण झाली, घरात कुणाच्या नोकरीचं अडलं, की ते नाव निघायचं. केडगावला एवढ्या मुलींना रोज जेवू घालणारी बाई कोणाच्या भरवशावर झोपत असेल, असा आजीचा सूर असे. लहानपणी ती नुसती गोष्ट वाटायची. आता आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आलो. डोक्यावर गृहकर्ज आहे, मुलांच्या प्रवेशपरीक्षा आहेत, आईवडिलांची आजारपणं आहेत, आणि आमच्या आयटीवाल्यांना अधूनमधून नोकरकपातीचे ईमेल येतात. या वयात माणूस नक्की कशाला टेकून उभा असतो, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. म्हणून रमाबाईंचं आयुष्य मी त्याच एका प्रश्नाच्या अंगानं सांगणार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईनं देववाणी शिकणं हा त्या काळी गुन्ह्यासारखाच मामला होता. पंडितांच्या सभेत त्यांना जाब द्यावा लागला आणि त्यांनी शास्त्राधारे तो दिलाही. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांतून पुराणं सांगत गावोगाव फिरू लागलं. रमाबाईंना घर असं नव्हतंच. पहाटे आई शिकवी, आणि मुलगी चालता चालता पाठ करी. भागवताचे हजारो श्लोक त्यांना पंधरा-सोळाव्या वर्षी मुखोद्गत होते.

१८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. अनंतशास्त्रींची श्रद्धा प्रामाणिक होती. जवळचा पैसा त्यांनी अनुष्ठानं, दानं आणि ब्राह्मणभोजनं यांत घातला. देव पावेल आणि दिवस पालटतील, असा त्यांचा विश्वास होता. पैसे संपले तेव्हा दागिने विकले, मग भांडी विकली. मजुरी करणं किंवा भीक मागणं ही विद्वान घराण्याच्या इभ्रतीला न शोभणारी गोष्ट. शेवटी जंगलात झाडपाल्यावर दिवस काढायची वेळ आली. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि इभ्रत बाजूला ठेवून मजुरी करायला तयार झाला. पण उशीर झाला होता. वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, पुढे बहीणही गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना, म्हणून रमाबाईंनी स्वतः खांदा दिला. उंची कमी पडली, तेव्हा त्यांनी तिरडीची ती बाजू डोक्यावर घेतली आणि तशाच मैलोगणती चालत गेल्या.

रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत आईवडिलांबद्दल कडवटपणा नाही. आपण कशाकशावर भरवसा ठेवला होता, याची त्यांनी शांतपणे मोजदाद केली आहे. मूर्ती होत्या, व्रतं होती, तशीच घराण्याची विद्वत्ता आणि उच्च जातीचा अभिमानही होता. उपाशी माणसाला मजुरी करू न देणारा तो अभिमानच जास्त जीवघेणा ठरला. हे माझं वाचन आहे. पण त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिलं की ते त्यांनाही उमगलं असावं असं वाटतं.

बहीण-भाऊ पायी उत्तरेकडे निघाले. पंजाब, काश्मीर असा हजारो मैलांचा प्रवास झाला. झेलमच्या काठी थंडीनं जीव जायची पाळी आली, तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. सांगितलेली व्रतं आणि नियम ते पाळत होते, पण सांगितलेलं फळ दिसत नव्हतं. विश्वास हळूहळू विरत गेला.

१८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी संस्कृतमध्ये अस्खलित बोलते याचं पंडितांना नवल वाटलं. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. काल वाळूत झोपणारी मुलगी एकाएकी वर्तमानपत्रांत झळकू लागली. याच कलकत्त्यात ती पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला गेली. प्रार्थनेची वेळ झाली तशी मंडळी आपापल्या खुर्च्यांकडे वळली, खुर्चीपुढे गुडघे टेकले आणि डोळे मिटले. समोर मूर्ती नाही, चित्र नाही. रमाबाईंना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! हा किस्सा त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. मला तो फार आवडतो, कारण मराठीत ‘खुर्ची’ म्हटलं की जे आठवतं ते आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे. त्या गैरसमजात थोडं तथ्य निघालं, हे त्यांना पुढे चर्चच्या आत गेल्यावर कळायचं होतं.

कलकत्त्यात व्याख्यानांसाठी त्यांनी धर्मशास्त्रं वाचली. ग्रंथांची आपसांत कितीही मतं असोत, स्त्रीला मोक्षाचा आणि वेदांचा अधिकार नाही यावर बहुतेकांचं एकमत आहे, असं त्यांना आढळलं. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला दिले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. आसामात सिलचरला संसार मांडला, १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं पती गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, मागे कोणी नाही. सिलचरच्या घरात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ती त्यांनी आवडीनं वाचली होती.

त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि प्रार्थना समाजाची मंडळी यांनी स्वागत केलं. १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक आलं, हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि मुलींसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चाला ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीचे पैसे उपयोगी पडले.

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनी लंडनमध्ये, समाजानं वाईट ठरवून टाकून दिलेल्या बायकांसाठी एक घर चालवत. ते पाहून रमाबाई थांबल्या. अशा बाईला जवळ करावं असं कोणत्या धर्मात सांगितलं आहे, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. भारतात गहजब झाला. ऐकू कमी येत असल्यानं डॉक्टरकीचा मार्ग बंद झाला, आणि चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकू-शिकवू लागल्या.

धर्म बदलला म्हणजे गोष्ट संपली, असं चरित्रकारांना वाटू शकतं. रमाबाईंच्या बाबतीत तिथून दुसरी लढाई सुरू झाली. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांची अपेक्षा अशी की नव्या ख्रिस्ती व्यक्तीनं चर्चची शिकवण जशीच्या तशी मान्य करावी. रमाबाई प्रश्न विचारत. त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल विचारत, मतांगिकारातली अमुक ओळ शास्त्रात कुठे आहे ते विचारत. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, ती संस्कृतमध्ये का नकोत, असंही विचारत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर भारतातल्या बिशपांनी नकार कळवला, तेव्हा आपला निर्णय घ्यायला आपली सद्सद्विवेकबुद्धी समर्थ आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटले ते दुसरीचं मानेवर घ्यायला नव्हे, असा त्या पत्रव्यवहाराचा मथितार्थ आहे. ज्यांच्या घरात राहायचं, ज्यांचं अन्न खायचं, त्यांनाच एक परकी, विधवा, पंचविशीतली बाई हे सांगते. पण भगिनींची सेवा, प्रेम, शिस्त यांचं ऋण त्या कायम मानत राहिल्या. त्यांनी नाकारली ती देवाच्या जागी येऊन बसणारी खुर्ची.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन-अडीच वर्षं अमेरिकेत फिरल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि गाजलं. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. बालविधवांच्या शाळेला दहा वर्षं ठराविक वर्गणी द्यायची, असं तिनं कबूल केलं. आजच्या भाषेत दहा वर्षांचं पक्कं फंडिंग. शाळेत धर्मप्रसार होणार नाही, असंही ठरलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई कर्वे. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होते. रमाबाईंजवळ आता लौकिक होता, पैसा होता, पुण्यातल्या सर्वांत वजनदार माणसांचा पाठिंबा होता.

या भरभराटीच्या काळातच, १८९१ च्या सुमारास, त्यांना एक गोष्ट टोचू लागली. विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र त्यांनी वाचलं. धर्मगुरू असूनही आपल्याला खरा विश्वास नव्हता, हे त्यात हॅस्लमनं सांगितलं आहे. रमाबाईंना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी ती जाणीव होती. धर्म ही एक चांगली, पटलेली, बुद्धीला मान्य असलेली व्यवस्था म्हणून त्यांनी घेतला होता. टेकायचं मात्र अजून स्वतःच्या अभ्यासावर आणि कर्तबगारीवर. इथून पुढे त्यांचं जगणं वेगळ्या वळणाला लागलं.

त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या, काहींना ख्रिस्ताबद्दल ओढ वाटू लागली. पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दुसरी बाजू नव्हती असं नाही. मुलींना धर्म शिकवणार नाही या बोलीवर ज्यांनी मुली पाठवल्या, त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटणं समजण्याजोगं आहे. आपण सक्ती केली नाही, पण आपली प्रार्थना लपवणारही नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. परिणाम एवढाच सांगते की पुण्यातला तो वजनदार आधार गेला, आणि त्यांनी तो परत मिळवण्यासाठी दार लावून घेतलं नाही.

आता उरली होती अमेरिकेची वर्गणी, आणि तिचीही मुदत १८९८ ला संपणार होती. रमाबाई हिशेबाला पक्क्या होत्या. पुण्यापासून साधारण पंचावन्न किलोमीटरवर केडगावला त्यांनी जमीन घेतली आणि फळबाग लावली. अमेरिकेची मदत थांबल्यावर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, असा विचार होता. त्याच सुमारास त्यांनी तीन पुस्तकं वाचली: चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलर यांच्या मिशनची हकिकत, न्यू हेब्रिडीज बेटांवरच्या जॉन पॅटनचं चरित्र, आणि ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे अनुभव. म्युलरनं हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि कोणा माणसाकडे पैसे मागितले नाहीत; गरज फक्त देवापुढे मांडली. इंग्लंडमध्ये हे घडू शकतं तर हिंदुस्थानात का नाही, असं रमाबाईंच्या मनानं घेतलं.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यात त्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. एका पहाटे त्यांनी देवाकडे मागणं केलं ते या संख्येच्या वर्गाचं. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. दुप्पट नाही, दसपट नाही, थेट वर्ग! आपल्या गणिताच्या सरांना हे मागणं नक्की आवडलं असतं. त्या वेळी एवढ्या मुली ठेवायला जागा नव्हती आणि पोसायला पैसा नव्हता.

वर्षाच्या आत मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपलं जंगलातलं दुष्काळी बालपण आठवलं आणि त्या निघाल्या. रस्त्याकडेला पडलेल्या, मदतकेंद्रांतून दलालांच्या हाती लागू शकणाऱ्या मुली त्या गोळा करत गेल्या. तीनशेच्या आसपास मुली आल्या. पुण्यात प्लेग होता, सरकारनं शहरात इतक्या मुली ठेवायला मनाई केली. तेव्हा त्यांना केडगावच्या फळबागेत नेण्यात आलं. आधी तंबू आणि झोपड्या, मग इमारती. फळं विकून खर्च भागवायच्या जागी वस्ती उभी राहिली. तिचं नाव मुक्ती. याच काळात प्लेगच्या रुग्णालयात बायकांचे हाल होतात असं जाहीर पत्र त्यांनी लिहिलं, आणि तो विषय विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. सरकारची मर्जी हाही त्यांचा आधार नव्हता.

१८९८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि दहा वर्षांचा हिशेब दिला. जुनी संघटना विसर्जित होऊन नवी झाली आणि तिकडून पैसा येत राहिला. पण मुलींची संख्या त्या वर्गणीच्या कितीतरी पुढे निघून गेली होती. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो मुली आल्या आणि केडगावची माणसं दोन हजारांच्या घरात गेली. रोज दोन हजार ताटं, आणि पुढच्या महिन्याच्या पैशाची लेखी हमी कोणाची नाही.

इथे माझ्या धंद्याच्या दृष्टीनं एक मुद्दा सांगते. आम्ही सॉफ्टवेअरवाले सगळा डोलारा एकाच सर्व्हरवर कधी उभा करत नाही. एक पडला तर दुसरा हवा, हे आमचं पहिलं सूत्र. त्या हिशेबानं रमाबाई चुकीचं करत होत्या. पण मुक्तीचा रोजचा कारभार पाहिला की चित्र वेगळं दिसतं. तिथे शेती होती, विहिरी खणल्या होत्या, दूधदुभतं होतं, तेलाचा घाणा होता, हातमाग होते, शिवणकाम होतं, भटारखाना होता, छापखाना होता. प्रत्येक मुलीला एखादा व्यवसाय यायलाच हवा, असा दंडक होता. आंधळ्या मुलींनाही वाचायला आणि विणायला शिकवलं जाई. मनोरमाबाई ब्रेल शिकल्या होत्या. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. कामाची माहिती देणारं पत्रक छापून देशोदेशी जाई, आणि आलेल्या देणग्यांची नोंद होई. म्हणजे साधनं अनेक होती आणि ती नीट राबवली जात. भरवसा मात्र यांपैकी एकाही साधनावर नव्हता. एखादी विहीर आटली, एखादा देणगीदार थांबला, तर रमाबाईंची गैरसोय होई, पण पायाखालची जमीन जात नसे. देवावर विश्वास म्हणजे हातपाय न हलवणं, असं समजणाऱ्यांनी केडगावचं वेळापत्रक पाहायला हवं होतं. पुराणं सांगणाऱ्या घरातल्या मुलीनं मजुरीला प्रार्थनेच्या शेजारी आणून बसवलं, हा मला त्या दुष्काळाचा खरा धडा वाटतो.

टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. दुष्काळात आलेल्या मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या, याबद्दल अनेकांच्या मनात राग होता. रमाबाईंनी मुक्तीचं स्वरूप कधी लपवलं नाही. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली, तिची नोंद जगभरच्या मंडळ्यांनी घेतली. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं शेवटचं काम.

तेव्हाचं मराठी बायबल त्यांना अवघड वाटे. खेड्यातून आलेली, नुकती अक्षर ओळखू लागलेली बाई ते वाचू शकत नव्हती. म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि सबंध पवित्र शास्त्राचं भाषांतर एकटीनं हाती घेतलं. पंधरा-सोळा वर्षं ते चाललं. कोणत्या शब्दाला कोणता रंग चिकटला आहे, हे संस्कृतच्या पंडितेइतकं कोणाला कळणार? मूर्तिपूजेचा वास येणारे शब्द त्यांनी कटाक्षानं टाळले आणि साधे बोलीतले शब्द निवडले. ज्या संस्कृतनं त्यांना ‘सरस्वती’ केलं, ज्या विद्वत्तेवर कलकत्ता, वाँटेज आणि बॉस्टन लुब्ध झालं, ती त्यांनी कामाला लावली, पण मिरवली नाही. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या, पानं दुमडणाऱ्या मुक्तीच्याच बायका. दुष्काळातून उचलून आणलेल्या हातांनी तो ग्रंथ छापला. रमाबाईंनी आयुष्यात सोडलेल्या आधारांमध्ये सर्वांत जवळचा हाच असावा. पैसा आणि मानमरातब बाहेरून आलेले असतात. विद्या तर आईनं पहाटे दिलेली.

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलं. त्यांच्यानंतर मुक्ती कोण सांभाळणार, याचं उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं: मनोरमा. आईच्या खांद्याला खांदा लावून तिनं काम केलं होतं. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, मनोरमा गेली. पती गेले तेव्हा कडेवर असलेलं ते मूल. आपण आईबाप आहोत. मुलं हाच आपला शेवटचा आणि सर्वांत न बोललेला आधार असतो, हे आपल्याला माहीत आहे. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि थकल्या होत्या. त्यांनी भाषांतराचं काम चालू ठेवलं, ते हातावेगळं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. पूर्ण ग्रंथ छापून झाला तो त्यांच्या पश्चात.

आपल्यात सगळ्या धर्मांचे आणि कोणताच धर्म न मानणारेही आहेत, आणि हा लेख कोणाला काही पटवण्यासाठी नाही. मी आमच्या मंडळीपुरतं बोलते. आम्ही ख्रिस्ती लोक मूर्ती करत नाही, असं मोठ्या अभिमानानं सांगतो. पण पगाराचा आकडा, परदेशाचं नागरिकत्व, मुलांचा रँक, फोनवरच्या लाइक्स, एवढंच काय, आपल्या चर्चची भव्य इमारत आणि आवडता उपदेशक यांच्यापुढे आम्हीही डोळे मिटून गुडघे टेकतोच. कलकत्त्याच्या त्या सभेतली मुलगी आज आमच्यात येऊन बसली, तर आपण कशाची पूजा करतो असं तिला वाटेल, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. आधार वापरावेत, नोकरी करावी, विमा काढावा, मुलांना शिकवावं. यांतला एखादा उद्या गेला तर आपल्यात काय उरेल, एवढं मात्र तो असतानाच पाहून ठेवावं. गेल्या दोन वर्षांत आपल्याच ग्रुपवर नोकरी गेल्याचे, घरातलं माणूस गेल्याचे निरोप आले. त्या रात्री एकमेकांना काय लिहावं ते आपल्याला सुचत नव्हतं. रमाबाईंनी वयाच्या विशीपासून असे निरोप झेलले, आणि त्या उभ्या राहिल्या.

मुक्ती मिशन आजही केडगावला चालू आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. पुढच्या मेळाव्याला दुसऱ्या दिवशीची सहल कुठे काढायची यावर वाद होणारच आहे, तर माझं मत आत्ताच नोंदवून ठेवते. सर आणि बाईंनाही सोबत नेऊ. ‘जोड्या लावा’मधल्या त्या एका मार्काचा उरलेला धडा त्यांच्याबरोबरच पाहू.